उचललेलं बोट

सुताराच्या डाव्या हाताची अनामिका गेली त्याला सात महिने झाले होते, आणि या सात महिन्यांत ती कशी गेली हे त्याने निदान पन्नास जणांना सांगितलं असेल. उत्तर एका वाक्यात बसलं होतं. "मुलीचा शाळेत कार्यक्रम होता, वेळेवर पोचायचं होतं, घाई झाली." ऐकणारा चुकचुकायचा, एखादा खांद्यावर हात ठेवायचा, आणि विषय तिथेच मिटायचा.

फर्निचरच्या कारखान्यात तो बावीस वर्षं काम करत होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. गोल करवतीच्या मशीनवर त्याच्याइतका सरळ काप कुणाचा येत नसे. बोट गेल्यावर अडीच महिने तो घरी होता, मग पुन्हा कामावर गेला, आणि आठवड्याभरात त्याच मशीनवर उभा राहिला. लोकांना त्याचं कौतुक वाटलं. तळव्याजवळचं अर्धं पेर तेवढं उरलं होतं. जे बोट नव्हतं, ते अधूनमधून खाजायचं. त्याचा त्याला राग यायचा आणि थोडं हसूही यायचं.

घरी तिघंच. बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाच्या नाकाला फ्रेम नीट बसवून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलगी बारा वर्षांची. चालायला लागली तेव्हापासून घरभर काही ना काही ओढत न्यायची, उशी, चप्पल, एकदा तर इस्त्री, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. शाळेत खरं नाव, घरात मुंगी.

मुंगी दोन वर्षांपासून गिटार शिकत होती. ज्या दिवशी बोट गेलं, त्याच संध्याकाळी शाळेच्या स्टेजवर ती पहिल्यांदा एकटी वाजवणार होती. वाजवलं नाही. शेजारच्या काकू तिला शाळेतून थेट हॉस्पिटलात घेऊन आल्या, आणि ती गिटारच्या काळ्या पिशवीसकट कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिली.

त्यानंतर मुंगी बदलली. जेवताना बापाच्या डाव्या बाजूला बसायची, ती उजव्या बाजूला बसू लागली. पाण्याचा ग्लास द्यायचा तर वळसा घालून त्याच्या उजव्या हातात द्यायची. त्याचा डावा हात टेबलावर आला की तिची नजर ताटात जायची ती वर यायची नाही. मिस्त्रीने मनाशी अर्थ लावला: पोरीला किळस येते. लहान आहे, यायचीच. त्याने हात खिशात ठेवायला सुरुवात केली. रस्त्यात ठीक होतं, पण घरातही, स्वयंपाकघरातही हात खिशात.

"अहो, पाहुण्यासारखे काय उभे राहता?" बायको म्हणायची. "ती कोथिंबीर तरी निवडा."

"निवडतो," तो म्हणायचा, आणि उजव्या हाताने एकेक पान खुडत बसायचा.

एका शनिवारी बायकोच्या दुकानात गर्दी होती, म्हणून मुंगीला क्लासहून आणायला मिस्त्री गेला. गिटारच्या बाई एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर राहत. खालच्या इस्त्रीच्या वाफेने त्यांच्या खोलीची फरशी बारा महिने कोमट असे, आणि खोलीभर धुतलेल्या चादरींचा वास. बाई पोस्टातून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं काउंटरवर बसल्यामुळे असेल, समोरच्याला नेमकं काय हवंय ते त्यांना पटकन कळायचं, आणि आपल्याला काय सांगायचंय ते त्या आडवळण न घेता सांगत.

मुंगी जिना उतरून गेली तेव्हा बाईंनी त्याला थांबवलं.

"दोन मिनिटं आहेत ना? तुमची मुलगी सगळं वाजवते. माझ्याकडे तिच्या वयाचं इतकं स्वच्छ वाजवणारं दुसरं कुणी नाही. पण एक कॉर्ड ती वाजवत नाही."

"अवघड आहे का?"

"तीच तर गंमत आहे. सगळ्यांत सोपा आहे. बसा, दाखवते."

बाईंनी गिटार मांडीवर घेतली. "हा ए मायनर. तीन बोटं लागतात. तर्जनी इथे, मधलं इथे, अनामिका त्याच्या खाली. ऐका." त्यांनी तारा छेडल्या. खोलीत एक उदास, भरीव आवाज पसरला आणि बसला. "आता यातलं एक बोट उचलायचं. बाकी काही करायचं नाही. झाला ए मायनर सेव्हन्थ." पुन्हा तारा छेडल्या. आवाज तोच होता आणि तो नव्हता. उदासपणा होता, पण त्यात कुठूनतरी हवा आल्यासारखी वाटली.

"पहिला ऐकला की वाटतं, वाक्य संपलं," बाई म्हणाल्या. "हा ऐकला की वाटतं, बोलणाऱ्याचं अजून काहीतरी राहिलंय. नवीन गाण्यात हा चार वेळा येतो. चारही वेळा ती नुसता मायनर वाजवते. सहा आठवडे झाले. मी म्हणते, अगं, बोट उचल. ती मान हलवते आणि उचलत नाही. मागच्या शनिवारी मी तिचं बोट धरून उचललं, तर रडायलाच लागली. मला अपराध्यासारखं झालं."

"कुठलं बोट उचलायचं?" मिस्त्रीने विचारलं, पण विचारता विचारताच त्याला दिसलं. बाईंनी अनामिका आत दुमडून घेतली होती. गिटारच्या गळ्यावर तर्जनी होती, मधलं बोट होतं, एका बाजूला करंगळी होती, आणि मध्ये रिकामी जागा. तो स्वतःचाच हात बघत होता.

त्याचा हात खिशात होता. तो त्याने आणखी आत खुपसला.

बाईंना ते दिसलं असणार. त्या गिटार पुसत बसल्या.

घरी जाताना मुंगी त्याच्या उजव्या बाजूने चालत होती. शाळा, गणित, कुणाच्यातरी मांजरीला झालेली पिल्लं, असं बरंच बोलली. गिटारचं काही बोलली नाही. मिस्त्रीला वाटलं, पोरीला माझा हात बघवत नाही इतकंच नाही, तसा हात स्वतःचा करणंही तिला सोसवत नाही. तो विचार त्याला आत कुठेतरी कुसासारखा लागला. लाकडाचं कूस बोटात गेलं तर चिमट्याने काढता येतं.

मंगळवारी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तो घरी न जाता लॉन्ड्रीचा जिना चढला. बाईंनी दार उघडलं.

"मला शिकवाल?" तो म्हणाला. "सगळं नको. तो एकच."

बाईंनी कारण विचारलं नाही. "बूट बाहेर काढा," एवढंच म्हणाल्या.

त्याचा हिशेब साधा होता. तो कॉर्ड त्याच्या हातात आयता होता. उचलायचं बोट मुळात नव्हतंच. एकदा मुंगीसमोर तो नीट वाजवून दाखवला की तिला कळेल, या हातात घाबरण्यासारखं काही नाही. पण बसल्यावर कळलं की आयतं असं काहीच नाही. नवशिक्यांची बोटं तारांनी सोलून निघतात, मिस्त्रीला त्याचा त्रास नव्हता. त्याच्या बोटांची टोकं बावीस वर्षांत खुरासारखी झाली होती. त्रास जाडीचा होता. एक तार दाबायला जावं तर बोट शेजारच्या तारेवरही टेकायचं, आणि ती तार मेल्यासारखी खट् वाजायची.

"बोट उभं ठेवा," बाई म्हणाल्या. "आडवं पाडू नका. छिन्नी कशी धरता?"

"उभी."

"मग बोटाची छिन्नी करा."

पहिल्या मंगळवारी कॉर्ड एकदाही धड वाजला नाही. दुसऱ्या मंगळवारी सहातल्या तीन तारा बोलल्या. कारखान्यात त्याने बीच लाकडाच्या उरलेल्या तुकड्याचा गिटारच्या गळ्याएवढा एक दांडा काढला, त्याला घासून गोलाई दिली, बारीक खिळे ठोकून सहा दोऱ्या ताणल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत तो दांडा मांडीवर घेऊन बोटं उभी ठेवायचा सराव करू लागला. पॉलिशवाला दोन दिवस नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मिस्त्री, हे वाजत कसं नाही?"

"वाजलं तर तुला ऐकावं लागेल," मिस्त्री म्हणाला.

"मग असू द्या," पॉलिशवाला म्हणाला आणि आपला डबा घेऊन शेजारी येऊन बसला.

घरी त्याने सांगितलं होतं की मंगळवारी ओव्हरटाइम असतो. बायकोने मान डोलावली. मुंगी दार लावून आतल्या खोलीत वाजवत असायची. मिस्त्री बाहेर पेपर धरून बसायचा आणि कान तिकडे लावायचा. आता त्याला गाणं कळू लागलं होतं. कुठे काय यायला हवं ते कळू लागलं होतं. जिथे आवाजात हवा यायला हवी, तिथे मुंगी दर वेळी दार लावून घेतल्यासारखं वाक्य संपवून टाकायची. चारही वेळा.

चौथ्या मंगळवारी त्याच्या हातून सगळ्या तारा एकदम स्वच्छ वाजल्या. सगळ्यांत वरची जाड तार सोडायची होती, ती त्याने सोडली. बाकीच्या पाच एकामागून एक बोलल्या. तो गिटारकडे बघतच राहिला, जणू दुसऱ्याच कुणी वाजवलं.

"झालं की हो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "आता एक सांगते. शनिवारी क्लासनंतर मी तुमच्या मुलीला थांबवून घेतलं. विचारलं, बाळ, ते बोट उचलताना तुला नक्की काय होतं? म्हणाली, मी त्या दिवशी बाबांना फोन केला होता."

"केला होता," मिस्त्री म्हणाला. "दुपारी. लवकर या, पहिल्या रांगेत बसा म्हणाली."

"ती म्हणते, मी फोन केला नसता तर बाबांनी घाई केली नसती. माझ्यामुळे त्यांचं बोट गेलं. आता ते बोट बाजूला काढून मी गाणं कसं वाजवू?"

खाली लॉन्ड्रीत कुणीतरी वाफेचं यंत्र बंद केलं आणि फरशीची घरघर थांबली.

"तिला वाटतं तुमच्याही नजरेत दोष तिचाच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही हात खिशात घालता ना, तिला वाटतं, तुम्ही तिला आठवण होऊ नये म्हणून लपवता. म्हणजे तुम्हालाही तसंच वाटतं, असा तिचा समज आहे."

"मला वाटलं तिला किळस येते."

"तुम्ही विचारलंत?"

"लहान आहे ती."

"लहान नाही हो," बाई म्हणाल्या. "गप्प आहे."

त्या संध्याकाळी तो घरी चालत गेला. एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्याला पाऊण तास लागला. कारण बाईंना माहीत नव्हतं ते त्याला माहीत होतं.

त्या दिवशी त्याला घाई नव्हतीच. साडेतीन वाजले होते, सुट्टी साडेचारला, कार्यक्रम सहाला. मुंगीचा फोन येऊन गेला होता आणि तो खुशीत होता. सकाळी एक रुंद फळी कापायची म्हणून पात्यावरचं झाकण त्यानेच काढून खिळ्याला अडकवलं होतं, आणि पुन्हा बसवायचा कंटाळा केला होता. नव्याने लागलेले दोन कारागीर बघायला उभे होते. त्यातल्या एकाने विचारलं, "मिस्त्री, झाकण लावत नाही?" आणि मिस्त्री म्हणाला, "हा हात बावीस वर्षांचा आहे, डोळे मिटून चालतो." असं म्हणून त्याने खरोखरच मान वळवली, त्या दोघांच्या तोंडावर काय उमटतंय ते बघायला. तेवढंच.

हॉस्पिटलात मॅनेजर भेटायला आला. औषधाच्या गुंगीत मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं, "पोरीचा कार्यक्रम होता." मॅनेजरला स्वतःला दोन मुली. त्याचे डोळे भरून आले. मग तेच अहवालात गेलं, तेच शेजाऱ्यांना कळलं, तेच बायकोने माहेरी सांगितलं. त्याने खोटं असं ठरवून रचलं नव्हतं. पण कुणी ते उचलून आणून हातात दिलं, तेव्हा त्याने परतही केलं नव्हतं. बढाई मारताना बोट गेलेल्या माणसापेक्षा पोरीसाठी धावताना बोट गेलेला माणूस बरा दिसतो. ही गोष्ट पोरीच्या कानावर कशी पडत असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी सकाळी बायको दुकानात गेली. मुंगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गिटारच्या तारा लावत होती. मिस्त्री तिच्या समोर येऊन बसला आणि त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

मुंगीची नजर तारांवर गेली.

"दे जरा ती," तो म्हणाला.

"गिटार?"

"हो. मोडणार नाही."

तिने दिली. त्याने ती मांडीवर घेतली, डावा हात गळ्याखालून वर आणला. तर्जनी ठेवली. मधलं बोट ठेवलं. उभी, छिन्नीसारखी. मग उजव्या अंगठ्याने तारा छेडल्या.

पाचही तारा वाजल्या. आवाज टेबलावरून, भांड्यांवरून फिरला आणि खिडकीशी जाऊन विरला. मुंगी त्याच्या हाताकडे बघत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा सरळ बघत होती.

"हा तर सेव्हन्थ आहे," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला कुणी शिकवला?"

"तुझ्या बाईंनी. ओव्हरटाइम नव्हता तो." त्याने गिटार टेबलावर आडवी ठेवली. "मुंगी, ऐक. तुझ्या फोनमुळे माझं बोट गेलेलं नाही."

तिची हनुवटी हलायला लागली.

"मी घाईत नव्हतो. तासभर वेळ होता हातात. झाकण मी काढलं होतं, आणि दोन माणसांपुढे शेखी मिरवत होतो. बघा माझा हात कसा चालतो म्हणून. मान वळवली आणि गेलं. तू फोन केला नसतास तरी गेलं असतं. तुझा त्यात काडीचा संबंध नाही."

त्याला वाटलं होतं ती रडेल, मग आपण तिला जवळ घेऊ. ती रडली नाही. तिच्या कपाळावर आठी पडली, तिच्या आईसारखी.

"मग तुम्ही सगळ्यांना तसं का सांगितलं?"

"लाज वाटली म्हणून."

"कसली?"

"मूर्खपणाची."

"तुम्ही शेजारच्या काकूंना सांगितलंत. माझ्या वर्गशिक्षिकेला सांगितलंत. मी तिथेच उभी होते." तिचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक होत चालला होता. "मी रोज झोपताना मोजायचे, बाबा. मी फोन एक वाजता केला. केलाच नसता तर. पहिल्या रांगेत बसा असं म्हटलंच नसतं तर. रोज."

"माहीत नव्हतं गं मला."

"विचारलंच नाही तुम्ही."

तिने गिटार उचलली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं. ते जास्त लागलं.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती चष्मा पुसत होती. ऐकताना पुसतच राहिली, काच कधीच स्वच्छ झाली होती तरी.

"त्या शाळेवरून जाताना मी आठ महिने मान वळवून जाते," ती म्हणाली. "वाटायचं, हिच्यामुळे. शाळेमुळे म्हणायचे मी मनात. मुलीमुळे असं म्हणायची हिंमत नव्हती म्हणून." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "उद्या कारखान्यात जाऊन सांगा. ते झालं की मग माझ्याशी बोला."

सोमवारी चहाच्या सुट्टीत त्याने सांगितलं. आधी मॅनेजरला, त्याच्या खोलीत, मग सगळ्यांसमोर. मॅनेजर पेन फिरवत बसला. म्हणाला, "म्हणजे अहवाल बदलावा लागणार," आणि थोड्या वेळाने, "बरं झालं सांगितलंत. अजून पाच मशीनची झाकणं खिळ्यालाच आहेत." ते दोन कारागीर आता नवे राहिले नव्हते. त्यातला एक मिस्त्रीजवळ आला.

"आम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "आम्ही समोरच होतो ना."

"मग बोलला नाहीत कधी?"

"वाटलं, तुम्हाला तेच बरं पडतंय."

मिस्त्रीला मान वर करता येईना. दुपारी त्याने स्वतः फिरून पाचही झाकणं बसवली. दोघातिघांनी तोंडं वाकडी केली. एकाने मागून काहीतरी म्हटलं आणि बाकीचे हसले. ते त्याने ऐकून घेतलं.

घरी मुंगी बोलत नव्हती. विचारलं तर "हो", "नाही" एवढंच. जेवताना मात्र कुठे बसायचं याचा तिचा गोंधळ उडाला होता. सोमवारी ती आईच्या शेजारी बसली. मंगळवारी ताट घेऊन खिडकीत बसली आणि आईने उठवलं. मिस्त्रीने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. मंगळवारी क्लासला गेला तेव्हा बाईंनी त्याला सांगितलं होतं, "आठ महिन्यांचं आहे. आठ मिनिटांत कसं उतरेल?" त्याने फक्त एक केलं. हात खिशात घातला नाही. दोन्ही हातांनी भांडी विसळली, दोन्ही हातांनी कोथिंबीर निवडली.

गुरुवारी तो कामावरून आला तेव्हा मुंगी टेबलाशी बसली होती. तिच्यासमोर वहीचं एक पान होतं, त्यावर पट्टीने आखलेल्या लहान लहान चौकटी आणि चौकटींत ठिपके. तिने मान वर केली नाही.

"हात धुऊन या," ती म्हणाली.

तो हात धुऊन आला.

"दाखवा."

त्याने डावा हात टेबलावर, तिच्यासमोर ठेवला. तिने तो उलटा केला, सुलटा केला. अर्ध्या पेरावर, जिथे कातडी गोळा होऊन गुळगुळीत झाली होती, तिथे अलगद बोट टेकवलं.

"दुखतं?"

"थंडीत जरा."

"आता?"

"आता नाही. कधीकधी खाजतं. नसलेलं बोट."

"ते कसं खाजवता?"

"तोच तर घोळ आहे."

तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिने तो आवरला. अजून रागावलेली होती, आणि ते आपण विसरलेलो नाही हे तिला दाखवायचं होतं. तिने कागद त्याच्याकडे सरकवला.

"मी पुस्तकातले सगळे कॉर्ड बघितले," ती म्हणाली. "हे तुम्हाला येतील. ए मायनर सेव्हन्थ आलाच आहे. ई मायनर सेव्हन्थला तर एकच बोट लागतं, दिवसभर वाजवा. डी मायनर सेव्हन्थ जरा अवघड आहे, तर्जनी दोन तारांवर आडवी टाकायची. पण अनामिका नाही लागत. तिन्ही मायनर सेव्हन्थ तुम्हाला येतात, बाबा. साधे ए मायनर आणि डी मायनर येणार नाहीत सध्या."

"बाईंनी सांगितलं हे?"

"नाही. मीच बघितलं. तीन दिवस लागले."

तो कागदाकडे बघत राहिला. चौकटी बारीक पेन्सिलने आखल्या होत्या. चुकलेल्या इतक्या खोडल्या होत्या की काही ठिकाणी कागद फाटायला आला होता. ती तीन दिवस दार लावून आत बसली होती ती यासाठी, हे त्याला आत्ता कळलं. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"आत्ता काही बोलू नका," मुंगी म्हणाली. "आधी ऐका."

तिने गिटार घेतली आणि ते गाणं सुरू केलं. पहिल्या वेळी ती जागा आली तेव्हा तिचा हात अडला, आणि नुसता मायनर वाजला. ती थांबली. पुन्हा मागून सुरू केलं. या वेळी तिने अनामिका उचलली. जरा जास्तच उंच उचलली, त्यामुळे मधलं बोटही सटकलं आणि तार खट् वाजली. तिने जीभ चावली, आणि तिसऱ्यांदा सुरू केलं. बोट थोडंसंच उचललं गेलं, तारेपासून केसाएवढं. आवाज मोकळा झाला आणि गाणं पुढे गेलं. दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी, चौथ्या वेळी. मिस्त्री बघत होता की ती बोटाकडे बघत नव्हती; ती खिडकीबाहेर बघत वाजवत होती.

कुलपात किल्ली फिरली. बायको दारातून आत आली, पिशवी हातात तशीच धरून भिंतीला टेकून उभी राहिली, आणि गाणं संपेपर्यंत तिने चप्पल काढली नाही.

"आता तुम्ही," मुंगीने गिटार बापाकडे दिली. "ए मायनर सेव्हन्थवरून सी वर जायचं."

"सी माझ्या यादीत नाही."

"नाहीच. त्याला अनामिका लागते. पण फक्त एकच बोट वाढवायचं असतं, वरून दुसऱ्या तारेवर. मी विचार केला, करंगळी आहे की तुमची."

त्याने करंगळी ताणली. ती वाटेत लटपटली आणि भलत्याच तारेवर टेकली. आवाज इतका भयंकर आला की बायको भिंतीपाशी हसली, आणि मग मुंगीही हसली, आवरायच्या आधीच.

"पोचत नाही गं," तो म्हणाला.

"पोचेल," मुंगी म्हणाली. खुर्ची उचलून ती त्याच्या डाव्या बाजूला आली, त्याची करंगळी दोन बोटांत धरली आणि तारेपर्यंत नेऊन ठेवली. "दाबा. अजून. आता वाजवा."

त्याने वाजवलं. तीन तारा बोलल्या, दोन मेल्या.

"मला पहिल्या दिवशी दोनच बोलल्या होत्या," ती म्हणाली. "चला, पुन्हा."